कागदावरची चंद्रकला

पांढुर्ण्यात भांडण मराठीत होतं आणि त्याची तक्रार हिंदीत लिहिली जाते. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. घरात, बाजारात, मयतात, बारशात सगळे मराठी बोलतात. पण हातात पेन आलं की हात आपसूक हिंदीकडे वळतो, कारण गाव मध्य प्रदेशात, कचेरी हिंदी, बँक हिंदी आणि बहुतेकांची शाळाही हिंदी. वामन बाबूंचा हात या बाबतीत फारच पक्का होता. किराण्याची चिठ्ठीसुद्धा ते ‘शक्कर’, ‘नमक’ अशी लिहायचे, आणि चंद्रकलाबाई ती चिठ्ठी कमरेला खोचून दुकानात जायच्या आणि सगळं तोंडीच सांगायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं. सही तेवढी शिकल्या होत्या, तीही बँकेपुरती.

वामन बाबू एका सरकारी कचेरीतून बाबू म्हणून निवृत्त झाले होते. लोकांच्या अर्जांवर टिपा लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. समोरचा माणूस रडो, ओरडो, हातापाया पडो, त्याच्या सगळ्या रडगाण्याचं एका ओळीत ‘आवेदक ने निवेदन किया कि’ करून टाकायचं, ही त्यांची हातोटी. साहेब लोक त्यावर बेहद्द खूश असत. टीप लिहून झाली की बाबू ते प्रकरण डोक्यातून काढून टाकायचे. कागदावर उतरलेली गोष्ट पुन्हा डोक्यात कशाला वागवायची, असा त्यांचा हिशेब होता, आणि कचेरीत तो बरोबरच होता.

निवृत्तीनंतर मात्र त्यांचं घरात बसणं सगळ्यांना जड जाऊ लागलं. नळ उशिरा आला की चिडायचे, लवकर आला तरी चिडायचे. शेजाऱ्याच्या कोंबड्यांवरून तर त्यांनी एकदा अर्जच लिहायला घेतला होता. त्यांची मुलगी अर्चना नागपूरला शाळेत शिकवते. तिच्या शाळेत कुठलंसं शिबिर झालं, तिथे रोजच्या लिहिण्याचे फायदे सांगितले गेले, आणि पुढच्या सुट्टीत ती बाबांसाठी एक जाडजूड वही घेऊन आली.

“बाबा, रोज एक पान लिहायचं. कोणाले दाखवायचं नाही. मनात येईन ते लिहा. माणूस मोकळा होते त्यानं, नवीन काही सुचते.”

“माझ्या मनात काही येत नाही,” बाबू म्हणाले.

“येते ना!” स्वयंपाकघरातून चंद्रकलाबाईंचा आवाज आला. “माझ्यावर राग येते दिवसभर. तेच लिहून काढा, म्हणजे मले तं सुटका मिळन!”

त्या घरात शेवटचा शब्द नेहमी चंद्रकलाबाईंचा असायचा. पहिलाही आणि मधलेही बरेचसे. त्यांचं माहेर रामाकोन्याचं. लहानपणापासून कापूस वेचायला जायच्या, आणि कापूस वेचणाऱ्या बायकांचे हात जेवढे चालतात त्याच्या दुप्पट तोंड चालतं. लग्न होऊन पांढुर्ण्याला आल्या, हातातला कापूस सुटला, तोंड काही थांबलं नाही. भाजीवालीपासून बुद्धविहारातल्या वंदनेला येणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांना त्यांचं बोलणं ऐकायला आवडायचं. वामन बाबूंना आवडायचं की नाही, हे त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

तर वही सुरू झाली. पहिल्या दिवशी बाबूंनी लिहिलं, ‘आज मौसम सामान्य रहा. नल समय पर आए.’ दुसऱ्या दिवशीही मौसम सामान्यच राहिला. चंद्रकलाबाई चहा ठेवताना वहीत डोकवायच्या आणि म्हणायच्या, “काय लिहून राहिले जी एवढं? पेन्शन वाढून राहिली का?” बाबू वही मिटायचे. पण मुलीनं सांगितलेलं काम त्यांनी सोडलं नाही. सरकारी माणसाला नवीन काही सुचो न सुचो, हजेरी चुकवणं त्याच्या जिवावर येतं.

आणि खरं सांगायचं तर त्या लिहिण्यानं त्यांचं भलंच झालं. रोज पानभर लिहायचं म्हणजे दिवसभर काही तरी बघावं लागतं. बाबू बघू लागले. अंगणातल्या कडुलिंबाला नवी पालवी कशी फुटते, संत्र्याच्या गाड्या भरताना माणसं पेट्या एकमेकांकडे कशा फेकतात, शेजारच्या कोंबड्यांतली एक लंगडी आहे, हे सगळं त्यांना एवढ्या वर्षांनी दिसलं. कोंबड्यांचा अर्ज त्यांनी फाडून टाकला. एकदा तर गावाबाहेरच्या बगीच्यातून संत्र्याच्या फुलांचा वास आला, त्यावर त्यांनी चार ओळी जुळवल्या आणि दिवसभर आपल्याच वहीकडे लाजून बघत राहिले.

त्यानंतर चंद्रकलाबाईंच्या जिभेला फोड आला.

“दात लागला असन,” त्या म्हणाल्या आणि चुना-तंबाखू दुसऱ्या गालात धरू लागल्या. कापसाच्या वावरात लागलेली ती सवय होती. फोड गेला नाही. तिखट सोसेना, मग गरम सोसेना, मग थुंकीत रक्त दिसलं, तेव्हा कुठे अर्चना त्यांना ओढून नागपूरला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरनं तपासण्या केल्या आणि बापलेकीला आत बोलावून सांगितलं की आधी औषधांनी गाठ लहान करून बघू, पण ऑपरेशन टळणार नाही, आणि त्यात जीभ जवळजवळ सगळीच काढावी लागेल. गिळणं थोडंफार शिकवता येईल. बोलणं मात्र येणार नाही.

अर्चनानं आईला काही लपवलं नाही. चंद्रकलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि नागपूर ते पांढुर्णा गाडीत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बाबू घाबरून गेले. पांढुर्ण्याला फलाटावर उतरल्यावर त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, “मंग बोलून घ्या लागन आतापासूनच. अंदर राहून गेलं तं सडन.”

त्या दिवशी वामन बाबूंना कळलं की आपल्याला या बाईचं बोलणं हवं आहे. बाई जगावी हे तर हवंच होतं. पण तिच्या आवाजाशिवाय हे घर कसं असेल, ते त्यांना डोळ्यांसमोर आणवेना. ते बोलणं काही करून राखून ठेवायचं, असं त्यांनी ठरवलं.

अर्चनानं मोबाइल काढला. “आई, तू बोल. मी रेकॉर्ड करतो.” चंद्रकलाबाई ताठ बसल्या, पदर डोक्यावर घेतला आणि तहसीलदारासमोर उभं केल्यासारख्या म्हणाल्या, “मी चंद्रकला, राहणार पांढुर्णा.” पुढे काही सुचेना. “बंद कर वो ते,” त्या कावल्या. “मी आतापासूनच फोटोत जाऊन बसली असं वाटते.”

“हिच्या नकळत करतो मी,” अर्चना नंतर वडिलांना म्हणाली. “तुमीही मोबाइल जवळ ठेवत जा, बाबा. बोलून राहिली असली का चालू करून द्यायचा.”

“काही गरज नाही,” बाबू म्हणाले. “मी लिहून राहिलो ना रोज! मोबाइलचा काय भरवसा, पडते, बिघडते, पाण्यात जाते. कागदावर आलं म्हणजे पक्कं होते.”

“पण बाबा...”

“तू मले लिहाचं शिकवू नको.”

अर्चनानं मोबाइल पर्समध्ये टाकला आणि त्यासाठी पुन्हा काढलाच नाही. वही तिनंच आणून दिली होती, आता कोणत्या तोंडानं अडवणार? इथे चूक झाली, आणि ती एकट्या वामन बाबूंची होती.

पुढचे महिने त्या घरात विचित्र गेले. आजाराचं घर, पण बोलण्याला नुसता ऊत. चंद्रकलाबाईंच्या तोंडात आग व्हायची, मध्येच थांबून थंड पाण्याची चूळ भरायच्या आणि पुन्हा सुरू व्हायच्या. बाबू खुर्ची ओढून बाजूला बसायचे, मांडीवर वही. दुपारी त्यांना मुगाच्या डाळीचं पातळ पाणी दिलं की वाटीकडे बघून म्हणायच्या, “हे काय जी! कावळाही चोच बुडवून परत जाईन अन् बाकीच्या कावळ्यायले सांगन, बापू, त्या घरी जाऊ नका.” बाबू हसायचे आणि लिहायचे, ‘पत्नी ने मूँग दाल के प्रति अरुचि प्रकट की.’

एकदा चंद्रकलाबाईंनी रामाकोन्याच्या वावरमालकिणीची गोष्ट सांगितली. वेचणाऱ्या बायकांना चहा द्यायची, पण साखरेचा चमचा पातेल्यावर असा ठोकायची की निम्मी साखर परत डब्यात. “आमी म्हणो, मालकीणबाई, तुमी साखर टाकून राहिल्या का साखरेची नजर काढून राहिल्या? तं ते म्हणे, पोरीहो, गोड खाल्लं का कापूस कमी वेचल्या जाते. म्या म्हटलं, मंग तुमीच खा, तुमाले कुठं वेचाचा हाय!” सांगताना त्या हातानं चमचा ठोकून दाखवत होत्या, आणि जीभ दुखत असल्यामुळे हसता हसता डोळ्यांतून पाणी काढत होत्या. बाबूंचंही पोट दुखलं हसून. मग त्यांनी चष्मा पुसला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘पत्नी ने बाल्यकाल के संस्मरण सुनाए. वातावरण प्रसन्न रहा.’

“लिहिलं का?” चंद्रकलाबाईंनी विचारलं.

“लिहिलं.”

“सारं?”

“सारं लिहिलं.”

त्या समाधानानं आडव्या झाल्या. बाबूंनी वहीवरून मायेनं हात फिरवला. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखर वाटत होतं की सारं लिहिलं.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चांगलं झालं. बरेच दिवस नागपूरला काढून चंद्रकलाबाई घरी आल्या तेव्हा नाकात नळी होती, गळ्यावर शिवणीची रेघ होती आणि डोळे तेच होते. घरात आल्या आल्या त्यांनी सवयीनं बाबूंना हाक मारली. तोंडातून जो आवाज आला तो ऐकून दारातून जाणारं शेजारचं पोर थबकलं आणि आईला जाऊन चिकटलं. चंद्रकलाबाईंनी ते पाहिलं. त्या दिवसापासून त्यांनी तोंड उघडणं बंद केलं. काही हवं असलं की टाळी वाजवायच्या.

घर असं मुकं झालं. भाजीवाली दारात यायची, मापापेक्षा जास्त भाजी टाकून निघून जायची. बाबू नळीतून दूध भरायचे, औषधं द्यायचे, कपडे वाळत घालायचे. जीव गुदमरायचा. पण मनाशी त्यांना एक आधार होता, कपाटात वह्या आहेत. आपण वेळेवर शहाणपणा केला, असं त्यांना वाटायचं. चंद्रकलाबाईंना थोडी ताकद आली की त्यांचं सगळं बोलणं त्यांना परत ऐकवायचं, असं त्यांनी योजून ठेवलं होतं.

एका रविवारी तो योग आला. अर्चना आली होती. रामाकोन्याहून चंद्रकलाबाईंची थोरली बहीण देवकाबाई आली होती. बाबूंनी इस्त्रीचा सदरा घातला. पावसाळ्यातल्या वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होतं, तिथे दरवर्षी बाबूच वाचतात, त्यामुळे आपल्या वाचनाबद्दल त्यांना थोडी घमेंड होती. खाटेशेजारी खुर्ची मांडून त्यांनी वही उघडली. चंद्रकलाबाई उशीला टेकून बसल्या, कान पुढे करून. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या तोंडावर थोडं तेज होतं.

बाबूंनी घसा साफ केला आणि वाचलं, “आज पत्नी ने मूँग दाल के प्रति अरुचि प्रकट की.”

पुढची ओळ. “पत्नी ने बताया कि उन्हें रात्रि में नींद नहीं आई.” त्यापुढची. “पत्नी ने पड़ोस की महिलाओं के विषय में विनोदपूर्ण चर्चा की.”

“हे कोण बोलून राहिलं जी?” देवकाबाईंनी विचारलं.

“चंद्रकला. तिचंच बोलणं हाय ना हे.”

“आमची चंद्रकला ‘अरुची’ म्हणे?” देवकाबाईंना खरंच समजत नव्हतं. “हे तं पटवारी बोलल्यासारखं वाटून राहिलं.”

बाबूंनी पान उलटलं. मग आणखी एक. मग ते भराभर उलटू लागले. ‘पत्नी ने कहा’, ‘पत्नी का कथन है’, ‘पत्नी ने आग्रहपूर्वक पूछा.’ दुसरी वही काढली, तिसरी काढली. पानंच्या पानं सुंदर अक्षर, एक खाडाखोड नाही, आणि त्यात चंद्रकला कुठेच नाही. मालकिणीच्या चमच्याच्या जागी ‘संस्मरण’ होतं. ज्या माणसांच्या रडण्याचं त्यांनी आयुष्यभर एका ओळीत वाटोळं केलं होतं, त्याच रांगेत त्यांनी आपल्या बायकोलाही उभं केलं होतं, आणि तेही प्रेमानं.

चंद्रकलाबाई अजून वाट बघत होत्या. त्यांना वाटलं असावं, ही सुरुवातीची सरकारी भाषा संपली की आपलं बोलणं येईल. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी आधी वहीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि तोंडावर पदर धरला. त्या हसत होत्या की रडत होत्या हे बाबूंना कळलं नाही. मग त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

“बाबा, मी म्हटलं होतं ना, मोबाइल...” अर्चना म्हणाली, आणि वडिलांचा चेहरा पाहून थांबली. मग वही मिटत हळूच म्हणाली, “वहीत नसलं तं नसो. तुमच्या ध्यानात असन ना? तुमी तं समोर बसून होते.”

बाबूंनी आठवायचा प्रयत्न केला. खुर्ची आठवली, वाटी आठवली, हसून दुखलेलं पोट आठवलं. शब्द आठवेनात. लिहून झालं की डोक्यातून काढून टाकायची सवय त्यांनी इथेही मोडली नव्हती. रोज लिहून लिहून त्यांनी आपल्या बायकोचं बोलणं रोज थोडं थोडं विसरून टाकलं होतं. एवढं वाईट त्यांना त्यांची आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोरी वही घेतली आणि खाटेशेजारी बसले. जन्मात पहिल्यांदा ते घरात बोलतात तसं लिहायला बसले होते. ‘ळ’ काढताना हात अडखळला, पोरासारखं अक्षर आलं.

“डाळीचं तू काय म्हटलं होतं?” त्यांनी विचारलं. “डाळ पातळ हाय, असं?”

चंद्रकलाबाईंनी मान हलवली. नाही.

“हे डाळ होय का पाणी, असं?”

नाही. त्यांनी कंटाळून डोळे मिटले. बाबूंना वाटलं, संपलं. पण जरा वेळानं त्यांचा हात पांघरुणातून बाहेर आला. त्यांनी बोटं जुळवून चोच केली आणि उशाच्या वाटीत बुडवली.

“कावळा!” बाबू ओरडले. “कावळा म्हटलं होतं तू! चोच बुडवून... चोच बुडवून उडून जाईन?”

हात हलला. जवळपास.

“परत जाईन! परत जाईन, बरोबर?”

चंद्रकलाबाईंनी जोरजोरानं मान डोलावली. दोघांना किती आनंद झाला म्हणून सांगावं! बाबूंनी ते वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं आणि वाचून दाखवलं. दुसऱ्या कावळ्यांचं काही सापडलं नाही, पण एक कावळा तर परत आला होता.

मग तेच रोजचं लिहिणं झालं. सकाळी नळीतून दूध झालं की जुनी वही डावीकडे, नवी उजवीकडे. बाबू हिंदीतली ओळ वाचायचे आणि मराठीत चाचपडायचे, चंद्रकलाबाई हात, डोळे, भुवया लावून त्यांना वाट दाखवायच्या. मालकिणीसाठी त्यांनी चमचा मागून घेतला आणि पातेल्यावर ठोकला. साखर सापडली, नजर काढणं सापडलं. मालकिणीला दिलेलं उत्तर मात्र हातानं दाखवता येईना. असं पुष्कळ झालं. वस्तू सापडायची, तिच्यामागचं वाक्य सापडायचं नाही. बाबू त्यांच्या परीनं काहीतरी बांधायचे आणि चंद्रकलाबाई हात डावा-उजवा करायच्या, म्हणजे चालेल, पण तसं नाही. जिथे चालेल असं म्हटलं तिथे बाबू वाक्यापुढे बारीक फुली करायचे. फुल्याच जास्त होऊ लागल्या.

थंडी संपता संपता चंद्रकलाबाईंच्या मानेला गाठ आली. नागपूरच्या डॉक्टरनं या वेळी आत बोलावलं नाही, तिथेच उभ्या उभ्या सांगितलं की आता दुखणं कमी ठेवायचं, त्यांना घरी आराम करू द्या. अर्चना शाळेतून रजा घेऊन आली. चंद्रकलाबाईंची मान हलवण्याचीही ताकद कमी होत चालली. बाबूंना कळून चुकलं की सगळ्या वह्या काही होत नाहीत. मधली पानं सोडून त्यांनी एकदम शेवटच्या वहीचं शेवटचं पान उघडलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, नागपूरच्या वॉर्डात लिहिलेलं.

त्या पानावर एकच ओळ होती. ‘आज सायंकाल पत्नी ने मेरे संबंध में संतोष व्यक्त किया.’

ती संध्याकाळ बाबूंना लख्ख आठवत होती. चंद्रकलाबाईंनी त्यांना पलंगावर बसवलं होतं. त्यांच्या सदऱ्याचं लोंबणारं बटण बोटांत धरून त्या बोलल्या होत्या, हळू, कारण जीभ सुजलेली होती, आणि पहिल्यांदाच चेष्टा न करता. उभ्या संसारात त्यांनी नवऱ्याबद्दल असं काही म्हटलं नव्हतं. बायकोसमोर रडू येऊ नये म्हणून त्यांनी घाईघाईनं वही काढली होती, ही ओळ लिहिली होती, आणि लिहिल्यावर त्यांना बरं वाटलं होतं. ती काय बोलली होती, ते त्या ओळीखाली गाडलं गेलं होतं.

दुपारची वेळ होती. अर्चना बाहेर ओट्यावर कुणाशी फोनवर बोलत होती. बाबूंनी ओळ वाचून दाखवली. चंद्रकलाबाईंनी डोळे उघडले. त्यांना आठवत होतं, हे त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं.

“मी चांगला माणूस हाव, असं म्हटलं होतं?”

नाही.

“मी तुले कधी दुःख दिलं नाही, असं?”

चंद्रकलाबाईंच्या भुवया वर गेल्या. हे तर मुळीच नाही. एवढ्या दुखण्यातही त्यांच्या ओठांवर थोडं हसू आलं.

“दुसरा कोणी भेटला असता तं?”

नाही. त्यांनी बाबूंच्या छातीवर बोट ठेवलं. मग स्वतःच्या. मग हवेत काहीतरी गोल काढलं. बाबूंनी घर म्हणून पाहिलं, भाकर म्हणून पाहिलं, गाव म्हणून पाहिलं. नाही, नाही, नाही. पुन्हा तेच गोल. बाबूंनी हात जोडले. “चंद्रकला, माझ्या ध्यानात येऊन नाही राहिलं वो. मले माफ कर.”

तेव्हा चंद्रकलाबाईंनी तोंड उघडलं. त्या दिवशी शेजारचं पोर घाबरलं तेव्हापासून त्यांनी जे बंद करून घेतलं होतं, ते उघडलं आणि ते पूर्ण वाक्य बोलल्या. जीभ नसलेल्या तोंडातून नुसते स्वर आले, घोगरे, ओले, वर जाणारे आणि खाली येणारे. मधे एका जागी त्या थांबल्या, तिथे त्या वॉर्डातही थांबल्या असतील. शेवटी आवाज हलका झाला. वाक्याची सगळी चाल तिथे होती. बाबू श्वास रोखून ऐकत होते, आणि त्यांना एक शब्द कळला नाही.

चंद्रकलाबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा एकदा बोलल्या, सावकाश, पोराला शिकवावं तसं. गळ्याची शीर ताणली गेली, डोळ्यांत पाणी आलं. बाबूंनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं, तोंडाच्या कडेनं ओघळणारी लाळ पदरानं पुसली, कान जवळ नेला. काही नाही.

“पुन्हा एक वेळ,” ते म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर त्यांना स्वतःची लाज वाटली.

चंद्रकलाबाई पुन्हा बोलल्या नाहीत. धाप लागली होती. त्या उशीवर मागे पडल्या आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. बाबूंनी पेन पुन्हा कागदावर टेकवलं. आता काहीही करून ते वाक्य लागलंच पाहिजे, नाही तर ते कधीच लागणार नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

“तुमच्यासंग माझा जनम...”

एवढंच ते म्हणाले होते. पुढे चांगला गेला म्हणायचं, की सुखाचा म्हणायचं, की आणखी काही, हे त्यांचं अजून ठरलं नव्हतं. ते शब्द शोधत होते. तेवढ्यात चंद्रकलाबाईंनी मान हलवली. हो.

“हेच?” बाबूंनी विचारलं.

त्यांनी पुन्हा मान हलवली, आणि हातानं वही दाखवली. लिहा.

बाबू त्यांच्याकडे बघत राहिले. चंद्रकलाबाईंनी नजर वळवली नाही. बाबूंनी डोळे पुसले, वही मांडीवर सरळ केली आणि ते तीन शब्द लिहिले. पुढे काही लिहिलं नाही. फुली केली नाही. चंद्रकलाबाईंनी पेन थांबेपर्यंत पाहिलं आणि मग डोळे मिटून घेतले. ही मान त्यांनी आपल्या सुटकेसाठी हलवली, हे बाबूंनी ओळखलं होतं; पण ते ओळखलेलं त्यांना आवडलं नसतं, म्हणून बाबूंनी ओळीच्या शेवटी पूर्णविराम दिला, वाक्य पुरं झाल्यासारखा.